चौकशी कोणाची बरी: तात्पुरत्या समितीची की कायम मंडळाची?

विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्स या प्लास्टिक कारखान्यातून स्टायरीन या विषारी रसायनाची वाफ सुटली आणि १२ जण गेले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला लावले. राज्याच्या उच्चाधिकार समितीचा अहवाल जुलैमध्ये आलाही: टाकीचे तापमान फक्त तळाशी मोजले जायचे, वरचा थर तापला ते कळलेच नाही, भोंगाही वाजला नाही. वेग वाखाणण्याजोगा. पण अहवाल दिला की समिती संपली. शिफारशींचा पाठपुरावा कोण करणार?

अमेरिकेत रासायनिक अपघातांची चौकशी करणारे केमिकल सेफ्टी बोर्ड कायमस्वरूपी आहे. ९ जानेवारी २०१४ ला वेस्ट व्हर्जिनियात फ्रीडम इंडस्ट्रीजच्या टाकीतून एमसीएचएम हे कोळसा धुण्याचे रसायन एल्क नदीत गेले, सुमारे तीन लाख लोकांचे पाणी तुटले. कंपनीआधी वासाच्या तक्रारींनीच वाचा फोडली. गळतीत पीपीएच नावाचे दुसरे रसायनही होते, हे कंपनीने सुमारे दोन आठवड्यांनी सांगितले! बोर्डाने टाकीच्या तळाला गंजून पडलेल्या भोकांपर्यंत माग काढला. मात्र अंतिम अहवालाला दोन वर्षांहून अधिक लागली, आणि दंड करायचा अधिकार बोर्डाला नाहीच.

तरी मी बोर्डाच्या बाजूने. दंड लवाद करू शकतो. शिफारशींचे काय झाले, हे वर्षानुवर्षे विचारत राहणारे कोणी आपल्याकडे नाही.