थर्ड एज विद्यापीठ : शिकवायला प्राध्यापक की सोबती?

ज्येष्ठांसाठीच्या ‘थर्ड एज’ (म्हणजे निवृत्तीनंतरचा, आयुष्याचा तिसरा टप्पा) विद्यापीठाची सुरुवात १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला झाली. तिथले प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी आपल्या विद्यापीठाची दारं निवृत्तांसाठी उघडली. शिकवायला प्राध्यापक, त्यामुळे विषयाला खोली येते. पण ज्येष्ठ मंडळी बरीचशी श्रोतेच राहतात.

ब्रिटनमध्ये १९८१-८२ च्या सुमारास इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली : सभासदच शिकवणार, सभासदच शिकणार. मानधन नाही, परीक्षा नाही, पदवीची अट नाही. निवृत्त अभियंता खगोलशास्त्र समजावतो आणि पुढच्या तासाला स्वतःच चित्रकलेच्या वर्गात येऊन बसतो. त्याचा हात थरथरला, तर शेजारची बाई कागद धरून ठेवते. मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय शिकवायचं म्हणून पुन्हा वाचायला बसणं, टिपणं काढणं, यातून त्या माणसाची उमेद परत येते.

उणीवही खरी आहे. शिकवणारा आजारी पडला की वर्ग थांबतो. एखादा विषय कुणालाच येत नसेल, तर तो राहूनच जातो. नवी भाषा पायापासून शिकायची असेल तर मी प्राध्यापकांकडे जाईन. इतिहास, कविता, बागकाम मात्र सोबत्यांकडूनच.