एआर-३ए स्पीकर्सचा क्रॉसओव्हर नवा केला: कुठे खर्च करावा आणि कशाला हात लावू नये

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जुन्या एआर-३ए ची जोडी हाताशी असेल तर क्रॉसओव्हरचं (खालचे, मधले आणि वरचे सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला पाठवणारं आतलं सर्किट) काम नक्की करून घ्या, फरक पडतो आणि चांगलाच पडतो, पण तो महागड्या कपॅसिटरमुळे पडत नाही, तो पडतो कपॅसिटरच्या बिघडलेल्या व्हॅल्यू परत जागेवर आल्यामुळे आणि मागचे गंजलेले पॉट (नॉबने कमीजास्त होणारे रोध) साफ झाल्यामुळे. मी या कामात जॅन्टझेनचे क्रॉस कॅप आणि मुंडॉर्फचे ई-कॅप हे कपॅसिटर आणि पॉटसाठी डीऑक्सिट हे संपर्क साफ करणारं द्रव वापरलं, तिन्हींबद्दल खाली लिहिलंय.

हा स्पीकर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. अकूस्टिक रिसर्च ही कंपनी एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मधे काढली. पूर्ण बंद पेटी आणि आतली हवाच वूफरला (बेसच्या मोठ्या स्पीकरला) स्प्रिंगसारखी वापरायची ही विलचरची कल्पना, त्यामुळे छोट्या पेटीतून खोल बेस येऊ लागला. १९५८ च्या एआर-३ मधे डोम ट्विटर (वरच्या सुरांचा घुमटाकार स्पीकर) आला आणि १९६७ मधे त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणून ३ए आला, १२ इंची वूफर, दीड इंची मिडरेंज (मधल्या सुरांचा) डोम, पाऊण इंची ट्विटर डोम, क्रॉसओव्हर ५७५ आणि ५००० हर्ट्झला. आजही याचा मिडरेंज ऐकला की माणसाचा आवाज कसा यायला हवा ते कळतं, उगाच पुढे येत नाही आणि मागेही राहत नाही. मला हा स्पीकर मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याचा स्वभाव बदलून टाकणारं अपग्रेड मला नको होतं.

तर यात प्रत्येक स्पीकरमधे कपॅसिटर तीनच. ट्विटरला ६ मायक्रोफॅरड, मिडरेंजला ५०, आणि वूफरच्या कॉइलनंतर वूफरला समांतर जोडलेला १५०. वर्षं जातात तसं इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतलं द्रव सुकत जातं, व्हॅल्यू सरकते आणि आतला रोध म्हणजे ईएसआर वाढतो. हे सगळं इतकं हळू होतं की रोज ऐकणाऱ्याला कळतच नाही, त्याला वाटतं जुना स्पीकर आहे, असाच मवाळ वाजत असणार. "व्हिंटेज साउंड" म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला बराचसा भाग हा सुकलेला कपॅसिटर आणि गंजलेला पॉट असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

काही खोलायच्या आधी पाठीमागची पट्टी बघा. तिथे १, २ आणि टी असे तीन टर्मिनल आहेत, आणि २ ते टी मधे छोटी धातूची पट्टी लागते. ती नसेल किंवा सैल असेल तर मिड आणि ट्विटर वाजतच नाहीत, आणि लोक डोम उडाले समजून स्पीकर मातीमोल भावात काढून टाकतात. पट्टी घासून घट्ट केली आणि दोन्ही नॉब पूर्ण फेरीत दहा-वीस वेळा फिरवले तरी कधीकधी हरवलेला ट्विटर परत येतो. फिरवताना खरखर येत असेल, मधेच आवाज जात असेल, तर पॉट गंजलेत हे नक्की समजा.

आत जायला वूफर काढावा लागतो कारण क्रॉसओव्हर मागच्या भिंतीला आतून लावलेला आहे. ग्रिलचं कापड घाईने ओढू नका, आणि मिड-ट्विटरच्या पुढून जाणाऱ्या केसासारख्या बारीक तारा आहेत त्यांच्या आसपास हात फिरवताना फार जपा, त्या तुटल्या तर डोमच गेला समजा. वूफरचे स्क्रू काढताना एका हाताने स्क्रूड्रायव्हर नीट धरून ठेवायचा, मॅग्नेट तो असा खेचून घेतो की टोक सरळ वूफरच्या पडद्यात घुसेल. वूफर निघाला की खाली जुनी चिकट पुट्टी दिसेल, ती टाकून नवीन लावायची, आणि मग आतलं ग्लासवूल. हातमोजे आणि मास्क घालूनच काढा, नाहीतर दिवसभर हात खाजतात. जेवढं काढलं तेवढंच परत भरायचं हे महत्त्वाचं, कारण बंद पेटीचा बेस त्या भरणावर पण अवलंबून आहे, म्हणून मी काढताना त्याचं वजन करून ठेवलं.

जुने कपॅसिटर काढून मीटरवर लावले. ६ चा ७ च्या वर गेला होता आणि त्याचा ईएसआर एक ओहमच्या पुढे, ५० चा साठीला टेकलेला, १५० चा पावणेदोनशेच्या आसपास. आता याचा अर्थ काय होतो ते बघा. ट्विटर साधारण ४ ओहमचा धरला तर वाटेत एक ओहम जास्तीचा आला की जवळजवळ २ डीबी (डेसिबल) आवाज तिथेच खाल्ला जातो. आणि ६ चा ७ झाला की ट्विटरला मिळणारी हद्द ५००० वरून ढोबळमानाने ४३०० ला येते, म्हणजे त्या बिचाऱ्या पाऊण इंची डोमला त्याच्या ताकदीपेक्षा खालचं काम करावं लागतं. एकीकडे आवाज कमी झाला म्हणून माणूस नॉब वाढवतो आणि दुसरीकडे डोमवर ताण आणखी वाढतो. या जुन्या ट्विटरची बदली सहज मिळत नाही, त्यामुळे निव्वळ ट्विटर वाचवायला म्हणून तरी हे काम करावं.

६ साठी मी जॅन्टझेनचे क्रॉस कॅप घेतले, हा मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन फिल्म, म्हणजे द्रव नसलेला, प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा कपॅसिटर, ४०० व्होल्ट, ५ टक्के टॉलरन्स. ३.३ आणि २.७ समांतर जोडले की बरोबर ६ होतात. बांधणी नीटनेटकी, तारा कडक, सोल्डर लगेच पकडतो, आणि मीटरवर सगळे नग छापलेल्या व्हॅल्यूच्या अगदी जवळ निघाले. ट्विटरसाठी फिल्मच घ्यावा याबद्दल मला काही शंका नाही, साइझ लहान असते, खर्च कमी येतो आणि पुन्हा उघडायची वेळ येत नाही. याच जागी मी हौसेने मुंडॉर्फचा बराच महागातला फिल्म पण लावून बघितला, दोन्हीचं मोजमाप एकावर एक ठेवलं तर रेघ वेगळी काढता येत नव्हती आणि डोळे मिटून ऐकताना मला एकदाही खात्रीने ओळखता आलं नाही. वस्तू म्हणून ती सुंदर आहे, पण इथे तिची गरज नाही.

५० ची गोष्ट जरा वेगळी आहे. इथे फिल्म म्हणजे ४७ आणि ३.३ जोडावे लागतात आणि ४७ चा फिल्म चांगला जाडजूड असतो. पण खरा मुद्दा साइझचा नाहीये. मूळ डिझाइन झालं तेव्हा तिथे इलेक्ट्रोलिटिक होता, त्याचा काही दशांश ओहमचा रोध डिझाइनरने ऐकूनच पुढचं सगळं ठरवलेलं. फिल्मचा रोध जवळपास शून्य, त्यामुळे नुसता फिल्म टाकला की मिडरेंज अर्धा-पाऊण डीबी वर येतो, आणि पहिल्या दिवशी वाटतं वा काय डिटेल आलंय, मग चार दिवसांनी आवाज अंगावर यायला लागतो. "फिल्म टाकल्यावर स्पीकर कर्कश झाला" ही तक्रार जी सगळीकडे ऐकू येते तिच्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. उपाय सोपा आहे, कपॅसिटरच्या सिरीजमधे ०.३३ ओहमचा रेझिस्टर टाकायचा, किंवा सरळ चांगला नवीन बायपोलर (प्लस-मायनस नसलेला) इलेक्ट्रोलिटिक वापरायचा. मी दोन्ही करून बघितलं, दोन्ही बरोबर वाजतात.

१५० ला मात्र फिल्मच्या नादी लागू नका. मुंडॉर्फचा ई-कॅप, बायपोलर, १०० व्होल्टचा, हा एकच छोटा नग काम करतो. इथे ईएसआर वाढलेला जुना कपॅसिटर असेल तर वूफरचा वरचा भाग नीट कापला जात नाही, मग वूफर मिडच्या हद्दीत बडबड करतो आणि पुरुषाचा आवाज छातीत अडकल्यासारखा येतो. नवीन टाकल्यावर ते लगेच साफ होतं. पण शून्य रोधाचा फिल्म टाकला तर कॉइलबरोबर त्याचा जो मेळ आहे त्यावरचा लगाम जातो आणि त्या भागात इम्पिडन्स (अँप्लिफायरला दिसणारा स्पीकरचा एकूण रोध) अजून खाली उतरतो, हा आधीच ४ ओहमचा स्पीकर आहे, अँप्लिफायरला आणखी त्रास कशाला द्यायचा. शिवाय १५० चे फिल्म ठेवायला पेटीत जागा पण शोधत बसावं लागतं.

कॉइल बदलू नका. जाड तारेची, कमी रोधाची नवीन कॉइल टाका असं सुचवणारे भेटतात, पण मूळ कॉइलचा रोध वूफरच्या बेसच्या हिशोबात धरलेला आहे, तो कमी केला की बेसचा तोल बदलतो. त्या एअर-कोअर कॉइल आहेत, तांबं म्हातारं होत नाही. फक्त त्यांची जागा आणि दिशा आहे तशी ठेवा, नवीन मोठा कपॅसिटर बसवायला म्हणून कॉइल सरकवून दुसरीच्या शेजारी आडवी केली की दोन्ही एकमेकींशी बोलायला लागतात.

आता पॉट, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात जास्त फळ देणारा भाग हाच. मागचे दोन नॉब म्हणजे १५ ओहमचे वायरवाउंड पॉट. उघडले तर आत पितळी भागावर हिरवा थर, तारेच्या वेटोळ्यावर काळपट डाग आणि फिरणारं बोट जिथे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टेकलं तिथे खड्डा. ते भाग व्हिनेगरमधे भिजवले, हिरवा थर सुटला, मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळवले, बारीक स्टील वूलने संपर्काच्या जागा चमकवल्या आणि बोट किंचित वाकवून दाब वाढवला. शेवटी डीऑक्सिट. हे लाल रंगाचं द्रव अगदी थोडं लागतं, पॉट उघडल्यावर कापसाच्या काडीने लावायचं. नुसतं बाहेरून फवारून काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका, गंज जास्त असेल तर खरखर काही दिवसांत परत येते, पण घासून मग लावलं तर नॉब लोण्यासारखा फिरतो आणि पूर्ण फेरीत कुठेही आवाज तुटत नाही. तार जळाली किंवा तुटली असेल तर लोक एल-पॅड (आवाज कमीजास्त करणारा दुसऱ्या प्रकारचा नॉब) बसवतात. चालतं, पण एल-पॅड क्रॉसओव्हरला नेहमी सारखाच लोड दाखवतो आणि मूळ पॉट तसा दाखवत नाही, म्हणून नॉबची जुनी जागा विसरून कानाने आणि मायक्रोफोनने नव्याने लावावी लागते.

ऐकण्याबद्दल. मी आधी एकच स्पीकर पूर्ण केला आणि दुसरा तसाच ठेवला, दोन्ही शेजारी शेजारी, सिग्नल मोनो, आणि बॅलन्सचा नॉब इकडून तिकडे. हीच पद्धत सगळ्यांनी वापरावी, कारण जोडी एकदम केली की आठवणीशी तुलना होते आणि आठवण खर्च केलेल्या पैशाच्या बाजूने बोलते. जुन्या बाजूला झांजेचा आवाज नुसता "ठस" असा, नव्या बाजूला काठीचा टोला वेगळा आणि मागे विरत जाणारा धातूचा आवाज वेगळा. टाळ्यांच्या रेकॉर्डिंगमधे तर पहिल्या सेकंदात कळतं, एकीकडे पाऊस पडल्यासारखी सलग सरसर आणि दुसरीकडे वेगवेगळे हात. गाणाऱ्याच्या आवाजातला श्वास, पियानोच्या वरच्या सप्तकातली धार, हे सगळं परत आलं आणि तरीही स्पीकर ३ए च राहिला, आजकालच्या स्पीकरसारखा चकचकीत झाला नाही. बेसमधे फरक जवळपास नाही, आणि नसायलाच हवा. मोजमापात पण ट्विटरचा भागच उचलला गेलेला दिसला आणि दोन स्पीकर्समधला फरक जो आधी डोळ्यात भरत होता तो मिटला, त्यामुळे स्टिरीओमधे गायक आता बरोबर मधे उभा राहतो. नवा कपॅसिटर "उघडायला", म्हणजे वाजून वाजून आवाज मोकळा व्हायला, शेकडो तास लागतात म्हणतात, मी बसवल्यावर लगेच आणि बऱ्याच दिवसांनी परत मोजलं, रेघ हलली नव्हती.

एक नाराजी नोंदवून ठेवतो. सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून या मॉडेलसाठी म्हणून मिळणारं तयार किट मागवलं होतं, त्यात ६ च्या जागी ६.८ आणि ५० च्या जागी ५६ निघाले. विचारल्यावर उत्तर आलं की एवढ्याने काय होतं, सगळे हेच बसवतात. अहो, जुना कपॅसिटर सरकून जिथे गेला होता जवळपास तिथलाच नवीन पाठवायचा असेल तर खोलायचं कशाला? किट परत केलं. तुम्ही किट घेणार असाल तर व्हॅल्यू आधी लेखी मागून घ्या आणि आल्यावर मीटर लावूनच बसवा.

परत बंद करताना नवीन कपॅसिटर केबल टायने घट्ट बांधा, नुसत्या गोंदावर ठेवलेला जड फिल्म पुढे कधीतरी सुटतो आणि आत खडखडतो. पुट्टीची वळी वूफरच्या कडेला सलग फिरवा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, आणि मग वूफर हळूच आत दाबून सोडा. तो सावकाश बाहेर आला तर पेटी हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी गळती आहे.

पुढची जोडी हातात आली तर ६ ला पुन्हा क्रॉस कॅप, १५० ला पुन्हा ई-कॅप. ५० ला मात्र फिल्म आणि रेझिस्टरची जोडगोळी न करता तिथेही ई-कॅपच टाकेन, कान आणि मीटर दोन्हींना तेवढाच पटतो आणि अर्ध्या जागेत बसतो.