ऑथेंटिकेटर राहू दे, पण तो पंचेचाळीस दिवसांचा पासवर्ड आवरा

इंटर्नलचे मार्क भरायची शेवटची तारीख आणि माझ्या फोनचा चार्जिंग पोर्ट, दोघांनी मला एकाच दिवशी गाठलं. फोन बंद म्हणजे ऑथेंटिकेटर, म्हणजे पासवर्डसोबत लागणारा कोड दाखवणारं अ‍ॅप, बंद, आणि ऑथेंटिकेटर बंद म्हणजे कॉलेजचं लॉगिन बंद. आयटी सेलमध्ये गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, तक्रारीचं तिकीट टाकलंय का?" तिकीट टाकायलाच लॉगिन लागतं म्हटल्यावर पोरगा जरा थबकला आणि म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाच्या तरी लॉगिनवरून टाका की." त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पोस्टर होतं : आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका.

तर या सगळ्या व्यवस्थेबद्दल वर्षभराच्या वापरानंतर लिहितेय. कॉलेज कोल्हापुरातलंच आहे. नाव घेत नाही, पुढच्या वर्षीही तासिका हव्यात. एकच लॉगिन, त्यावर मेल, मूडल (नोट्स आणि क्विझचं ऑनलाइन सॉफ्टवेअर), मार्कांचं पोर्टल आणि वायफाय, हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

वायफाय स्टाफरूमच्या खिडकीपाशी उत्तम. वर्गात स्वतःचा डेटा जाळायचा. पुढे.

मूडलबद्दल मात्र तक्रार नाही. २००२ पासून चालत आलेलं, फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण कामाचं. माझ्या वर्गात गगनबावड्याकडची, राधानगरीकडची पोरं आहेत. पावसाळ्यात तिकडे लाइट गेली की रेंजही जाते. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये नोट्स आधी उतरवून ठेवता येतात, मग रेंज असो नसो, वाचता येतं. क्विझमध्ये उत्तरं दर मिनिटाला आपोआप सेव्ह होतात. कंपनी अकाउंट्सच्या टेस्टमध्ये लॅबची लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे बोंबलत होते. परत लॉगिन केलं तर टिकमार्क जागच्या जागी. एवढ्यासाठी मी मूडलचे शंभर गुन्हे माफ केलेत.

आता ऑथेंटिकेटर. सुरुवातीला मी याच्या ठार विरोधात होते. फोन माझा, डेटापॅक माझा, आणि त्यात अ‍ॅप कॉलेजचं? तासाला मिळणाऱ्या पैशात हेही बसवायचं? साधा एसएमएसवर ओटीपी पाठवा की, असा अर्जही आम्ही काही जणींनी दिला होता. तो मान्य झाला नाही ते बरंच झालं. आमची लॅब तळघरात. तिथे फोनवर एक दांडी रेंज दिसत नाही, एसएमएस आला असता तर जिना चढून वर गेल्यावर. ऑथेंटिकेटरला रेंज लागतच नाही. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन करताना सर्व्हर एक गुप्त किल्ली फोनला देतो. मग फोन आणि सर्व्हर दोघंही ती किल्ली आणि आत्ताची वेळ घेऊन आपापल्या ठिकाणी तोच सहा आकडी कोड काढतात, दर तीस सेकंदाला नवा. ही पद्धत २०११ पासून प्रमाण म्हणून ठरलेली आहे. शिवाय कुणी आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तरी त्याच्या हाती हा कोड लागत नाही. एसएमएसच्या ओटीपीला नेमका तोच धोका.

सगळा खेळ वेळेचा. आमच्या एका सरांना कोड कायम चुकीचा यायचा. आयटी सेलने त्यांना फोन फॉरमॅट करायला सांगितलं. शेवटी लॅब असिस्टंटच्या लक्षात आलं, की केएमटीची बस चुकू नये म्हणून सरांनी फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलंय. ऑटोमॅटिक टाइम चालू केला, विषय संपला. फॉरमॅट म्हणे!

पण खरं दुखणं पासवर्ड. दर पंचेचाळीस दिवसांनी तो बदलायचा, मागचे पाच चालत नाहीत, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजेच. आठवडाभर आधीपासून लाल अक्षरातले मेल. आणि मुदत नेमकी संपते कधी? पेपर तपासणीच्या नाहीतर अ‍ॅडमिशनच्या धांदलीत. परिणाम काय, तर स्टाफरूममध्ये कुणाचा पासवर्ड काय हे सगळ्यांना माहीत. रंकाळा, मग अ‍ॅट, मग १. पुढच्या वेळी २. एका मॅडमांचा ताराराणी आता ७ वर पोचलाय. दोघांचे स्टेपलरच्या पोटाखाली चिकटवलेले आहेत, एकाचा थेट मॉनिटरवर. फळा पुसायला येणारे मामासुद्धा सांगतील कुणाचा कितवा चाललाय.

बरं, हे मी एकटी म्हणत नाही. पासवर्ड सारखे बदला हा सल्ला ज्या अमेरिकी मार्गदर्शिकेने २००३ मध्ये जगभर पसरवला, ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. त्याच वर्षी निस्टने, म्हणजे तिथल्या मानक संस्थेने, नियम फिरवला : पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. २०२५ च्या निस्टच्या नव्या आवृत्तीत तर ठरावीक मुदतीने बदलायला लावूच नका, चिन्हं-आकड्यांची सक्तीही करू नका, असं स्पष्ट आहे. लांबी वाढवा, म्हणतात. चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड वर्षभर ठेवला, वर ऑथेंटिकेटर असला, की झालं. दुसरं कुलूप एवढं भक्कम बसवल्यावर पहिल्याची किल्ली दर दीड महिन्याला बदलून मिळतं काय?

हे सगळं लिहून प्राचार्यांच्या मार्फत आयटी सेलला अर्ज दिला, शिक्का मारून पोचही घेतली. उत्तर आलं : "ऑडिटमध्ये मुद्दा निघेल." कुठल्या ऑडिटमध्ये, कुणाच्या नियमाने, ते नाही. मी परत अर्ज दिलाय, या वेळी निस्टच्या त्या पानाची प्रिंट जोडून. कलर प्रिंटचे पैसेही माझेच.

त्या दिवशी शेवटी शाहूपुरीत पोर्ट बदलून घेतला आणि संध्याकाळी मार्क भरले. लॉगिनच्या सेटिंगमध्ये बॅकअप कोड आधीच काढून ठेवता येतात, फोन गेला तर त्यातला एकेक वापरता येतो, हे मला त्या दुकानातल्या पोराने सांगितलं. आयटी सेलच्या चार पानी इंग्रजी पत्रकात त्याची ओळही नव्हती. उलट अ‍ॅप 'खात्याशिवाय वापरा' असंच लिहिलेलं. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून कोड गूगल खात्याशी सिंक करता येतात, म्हणजे नव्या फोनवर परत मिळतात, ती सोयही त्यामुळे बंद. जूनमध्ये नवीन लॉगिन मिळेल त्यांनी आधी सेटिंगमध्ये जाऊन ते कोड काढा, कागदावर छापा आणि घरी कपाटात ठेवा. फोन बदलणार असाल तर नव्या फोनवर लॉगिन होऊन बघा, मगच जुना एक्स्चेंजला द्या. आयटी सेल शनिवारी दुपारनंतर बंद असतो.