दुबईच्या आयएमजीचा वर्षाचा पास: आठ महिने वापरून झाल्यावर

मे महिन्यात आयएमजीचा, म्हणजे दुबईतल्या एका छपराखालच्या थीम पार्कचा, पास काढला होता, आता जानेवारी चालू आहे. काढायच्या आधी ओळखीतल्या चारपाच जणांना विचारलं होतं की वर्षाचा काढू का एकदाच जाऊन येऊ, तर निम्म्यांनी सांगितलं मस्त आहे आणि निम्म्यांनी सांगितलं महाग आहे, आणि दोन्ही बाजूचे लोक फक्त एकदाच जाऊन आलेले. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आमची परिस्थिती, म्हणजे तुमचं तुम्हाला जुळतं का बघता येईल. आम्ही अल नहदाला राहतो, शारजाच्या बाजूला, वन बीएचके, मुलगी सात वर्षांची आणि धाकटा साडेचारचा. यंदा सुट्टीत इंडियाला जायचं जमलं नाही. जुलैत इथून तिकडे जायचं तिकीट बघितलं की डोळे पांढरे होतात, पण तिकडून इकडे यायचं स्वस्त मिळतं, कारण सगळी गर्दी उलट्या दिशेला असते. म्हणून आम्ही गेलोच नाही, कराडहून सासूबाईंनाच बोलावून घेतलं. दीड महिना होत्या. आणि खरं सांगू का, या पासचा सगळ्यात जास्त वापर मुलांनी नाही, त्यांनी केला. ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयएमजी वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर म्हणजे शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर, ई ३११ वर, ग्लोबल व्हिलेजच्या (उघड्यावरची मोठी जत्राच म्हणा) जवळ जी ती राक्षसी मोठी पेटी दिसते ती. ३१ ऑगस्ट २०१६ ला उघडलं. १५ लाख चौरस फूट, सगळं एका छपराखाली. आत लॉस्ट व्हॅली म्हणजे डायनासोरवाला भाग, मार्व्हल, कार्टून नेटवर्क आणि मधे दुकानांचा आयएमजी बुलेव्हार्ड. सूर्य कुठेच नाही, त्यामुळे आत गेल्यावर दुपारचे दोन वाजलेत का रात्रीचे नऊ तेच कळत नाही, आम्ही दोनदा मुलांच्या झोपेचं खोबरं करून घेतलंय.

आता मुद्दा. हा वर्षाचा पास म्हणून विकतात पण हा उन्हाळ्याचा पास आहे. इथला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ४५ च्या पुढे जातो पारा, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामच करू देत नाहीत, तसा नियम आहे. आमच्या बिल्डिंगखालच्या बागेतली घसरगुंडी संध्याकाळी सहाला पण चटका देते. ग्लोबल व्हिलेज उन्हाळ्यात बंद, फुलांचं मिरॅकल गार्डन बंद. मुलं घरात, आणि घरात म्हणजे एका हॉलमध्ये, सोफ्याच्या कडेवरून उड्या. मॉलमध्ये नेलं तर प्रत्येक पावलाला काहीतरी घेऊन दे. मागच्या वर्षी एका मॉलमधल्या प्ले एरियाचं दहा तासांचं कार्ड काढलं होतं (नाव नको), तिथे आत गेलेल्या मुलाला शू लागली तरी मीटर चालू, बाहेर काढायला गेलं की रांग, तोपर्यंत पुढचा तास लागलेला. त्या हिशोबात हा पास बसतो. आमच्या हिशोबाने तीन-चार फेऱ्यांत पैसे वसूल झाले, पुढचं सगळं फुकट असं मी स्वतःला सांगत आले.

पण पहिल्या दोन फेऱ्या आम्ही फार वाईट केल्या. एकदाच गेलेल्या माणसासारखं गेलो. नवऱ्याने फोनवर नकाशा उघडून आधी ही राईड मग ती राईड असा प्लॅन केलेला, मी मागून धाकट्याला कडेवर घेऊन पळतेय, मुलीला प्रत्येक ठिकाणी उंची कमी पडतेय म्हणून ती रडतेय, आणि त्यात ईदची सुट्टी! ईदला जाऊ नका, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. आम्ही एका राईडला जवळजवळ तासभर उभे होतो, ती संपली चार मिनिटांत. रांग टाळायचा फास्ट ट्रॅक वेगळा मिळतो, पण पास असताना त्याच्यावर अजून पैसे घालायचे मला पटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मधल्या वारी, मंगळवार बुधवार, दहा-पंधरा मिनिटांच्या वर आम्ही थांबलो नाही. आणि सगळ्यात भारी वेळ म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, शाळा सुरू झालेल्या असतात, बाहेर अजून भट्टी, आणि आत माणूस नाही. शाळेतून थेट उचलून नेलंय मी पोरांना, युनिफॉर्मवर.

तिसऱ्या फेरीपासून नवऱ्याचा नकाशा बंद केला. एका वेळी दोन राईड, फार तर तीन, नंतर नुसतं हिंडायचं, अडीच तासांत घरी. तेव्हापासून मजा यायला लागली. धाकट्याची फॉरबिडन टेरिटरी बघा. गाडीत बसून अंधारातून डायनासोरांच्या मधून फिरवतात ती. पहिल्या वेळी त्याने पूर्ण वेळ माझ्या कुर्त्यात तोंड खुपसलं होतं. दुसऱ्या वेळी एक डोळा. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत त्याला सगळं पाठ, पुढच्या सीटवर कुणीतरी पाहुणे कुटुंब होतं, त्यांना हा मागून सांगतोय "अभी आएगा, अभी लेफ्ट से आएगा", त्या बाईंनी मागे वळून बघितलं तशी मी अंधाराचा फायदा घेतला.

मुलीची गोष्ट वेगळी. प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, अट प्रत्येक राईडला वेगळी, आणि तिथे काही म्हणजे काही सवलत नाही, जे बरोबरच आहे. स्पायडरमॅनचा एक रोलर कोस्टर आहे, पळता पळता डबा स्वतःभोवती पण फिरतो, त्यावर तिचा डोळा. तिथे ती दोन बोटं कमी. मग बाईसाहेबांनी डोकं चालवलं, घरून निघतानाच डोक्याच्या अगदी वर अंबाडा घालून द्यायला लावला, चांगला टेनिस बॉलएवढा. पट्टीखाली ताठ उभी, श्वास रोखून. तिथली फिलिपिनो मुलगी तिच्याकडे बघून हसली आणि तळहाताने हळूच तो अंबाडा खाली दाबला, लाटीसारखा. "नेक्स्ट टाइम, हबिबी." हा कार्यक्रम जून ते ऑक्टोबर जवळजवळ प्रत्येक फेरीला झाला, शेवटी शेवटी ती मुलगी आम्हाला लांबून बघूनच हात पुढे करायची. नोव्हेंबरात अंबाड्याशिवाय पट्टीला टेकली. खाली उतरल्यावर तिचं म्हणणं, "मला वाटलं जास्त मोठं असेल." पाच महिने!

मोठ्यांच्या राईडपैकी व्हेलॉसिरॅप्टरबद्दल लिहायलाच पाहिजे. अडीच सेकंदात शून्य ते शंभरचा वेग, आणि हा कोस्टर इमारतीच्या बाहेर जातो. म्हणजे तुम्ही स्वेटर घालावा अशा गारव्यात बसलेले, फेकल्यासारखे सुटता आणि थेट ऑगस्टमधल्या वाळवंटात. नवरा म्हणाला वेगाचं काही वाटलं नाही, तोंडावर तंदूरचं झाकण उघडल्यासारखं झालं. मी नोव्हेंबरमध्ये बसले, तेव्हा छान वारा होता. जेवून बसू नका. थॉरच्या उलट्यापालट्या करणाऱ्या पाळण्यात तर अजिबातच नाही, आमच्या घरात यावर एक किस्सा आहे आणि तो न सांगायचं ठरलंय. हॉन्टेड हॉटेलमध्ये लहान मुलांना सोडत नाहीत, त्यामुळे आम्ही अजून गेलेलो नाही, आणि मला जायचंही नाहीये.

तर सासूबाई. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरणारे, डॉक्टरने रोज चाला सांगितलेलं. कराडला सकाळी प्रीतिसंगमावर जाऊन येतात. इथे जुलैत कुठे चालणार? सात वाजता खाली उतरल्या आणि दहा मिनिटांत लाल होऊन वर आल्या. मग चार दिवस गॅलरीच्या काचेतून समोरच्या बिल्डिंगचं काम बघत बसल्या. पहिल्यांदा आयएमजीला नेलं तेव्हा दारातून आत आल्यावर त्यांनी वर छताकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिल्या, मला वाटलं भारावल्या. "काय गं," म्हणाल्या, "एवढा मोठा मांडव गार ठिवायचा म्हंजी लाईटबिल किती येत आसंल?" त्यानंतर प्रत्येक फेरीला हा विषय. ते शंभर किलोमीटर वेगाचं त्यांना काही कौतुक नाही, पालीच्या यात्रेत खंडोबापुढं यापेक्षा मोठे पाळणे बघितलेत आणि ते लाकडी होते, असं त्यांचं मत.

पण चालायला त्यांना जागा जाम आवडली. माझे जुने स्पोर्ट्स शूज, दोन जोड मोजे घालून कारण माझा नंबर मोठा, वर साडी, त्यावर माझं स्वेटर, आणि मुलं राईडला गेली की यांच्या फेऱ्या चालू. लॉस्ट व्हॅलीतून निघायचं, बुलेव्हार्डवरून परत. तिथे एक डायनो कॅरोझेल आहे, घोड्यांच्या जागी डायनासोर, तिथे आल्या की अर्धी प्रदक्षिणा घालून पुढे, सवयीने. वाटेतले डायनासोर मधेच माना हलवून ओरडतात, त्याला पहिल्या दिवशी दचकल्या, नंतर त्याच्याशी बोलायला लागल्या, "गप की रे." सपाट जमीन, गार हवा, बसायला जागा, स्वच्छ बाथरूम. मुलं दमायच्या आधी यांच्या पाच हजार पावलांचा हिशोब माझ्या फोनवर. आठवड्यातून दोन-तीनदा गेलो त्या दीड महिन्यात. फरशी कडक आहे हे मात्र खरं, चप्पल घालून गेलात तर संध्याकाळी टाचा बोलतात.

काही बारीकसारीक गोष्टी. स्वेटर किंवा स्टोल घ्याच, लहान मुलांना आत थंडी वाजते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, आणि चौघांचं आत खायचं म्हटलं तर दर फेरीला परवडणारं नाही, थीम पार्कमध्ये कुठेही तसंच असतं म्हणा. आमचा उपाय, निघताना शेंगदाण्याची चटणी लावलेले चपातीचे रोल, पार्किंगमध्ये गाडीचा एसी चालू ठेवून खायचे आणि मग आत. मेट्रो स्टेशन जवळ नाही. टॅक्सीने दोन्ही वेळा म्हणजे पासचा फायदा टॅक्सीतच जाईल, गाडी असेल तरच वर्षाचा विचार करा. शारजाकडून येणाऱ्यांनी परत निघायची वेळ बघून ठेवावी, संध्याकाळी ई ३११ वर ट्रॅफिकचं जे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. रमजानमध्ये वेळा बदलतात, निघायच्या आधी बघून घ्या. आणि पास त्यांच्याकडूनच थेट काढा. त्याच्या आधी एकदा एका डिस्काउंटवाल्या साईटवरून साधी तिकिटं घेतली होती, गेटवर समजलं की व्हाउचरची तारीख उलटून गेलीय, साईटवर छापलेली तारीख वेगळीच. पैसे परत मिळायला सहा आठवडे आणि माझे अकरा मेल.

अबुधाबीशी तुलना करायची तर, यास बेटावर फेरारी वर्ल्ड (२०१० चं), वॉर्नर ब्रदर्स (२०१८) आणि सीवर्ल्ड (२०२३) तिन्ही असेच छपराखालचे आहेत, आम्ही वॉर्नर एकदा केलंय, सजावट तिथली जास्त बारीक आहे, मला जास्त आवडलं खरं तर. पण शारजाहून सव्वा-दीड तास एका बाजूने. पोरांना संध्याकाळी दोन तास दमवून आणायला कोण जाणार तिकडे. आपल्या दुबईच्या बॉलिवूड पार्कचं मला वाईट वाटतं, २०२३ ला बंदच झालं, सासूबाईंना तिथे नेलं असतं तर लाईटबिल विसरल्या असत्या.

आता हिवाळ्याचं. नोव्हेंबरपासून आजपर्यंत आम्ही तिथे दोनदा गेलोय. दोनदाच. एकदा त्या अंबाड्याच्या मोहिमेसाठी आणि एकदा पाहुण्यांना दाखवायला. कारण बाहेर हवा इतकी सुंदर आहे की आत जाऊन बसायचं पाप वाटतं, झबील पार्क, ममझर, अल कुद्राला सायकली, आणि ग्लोबल व्हिलेज तर शेजारीच चालू, मुलं गाडीतूनच तिकडे बोट दाखवतात. म्हणजे वर्षाच्या पासमधले चार-पाच महिने तसेच पडून. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑफर बघून पास काढत असाल तर थांबा, मे अखेरीस किंवा जूनमध्ये काढा, म्हणजे एका वर्षात उन्हाळा अख्खा पदरात पडतो. आमचा मे महिन्यात संपतोय, तो लगेच नवा करणार नाही, जून लागला की करू. धाकट्याला तोपर्यंत डायनासोरचा कंटाळा आला तर काय, हा प्रश्न आहे, मुलीला तर आत्ताच अर्धा आलाय.

सासूबाईंचं जुलैचं तिकीट बघणं चालू आहे. मागच्या रविवारी फोनवर मी सहज म्हटलं, आई, या वेळी बूट इथे घेऊ नवीन. तर म्हणाल्या, घ्यायचे नाहीत, दत्त चौकातून मी कवाच आणलेत, पायाला सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरते.