रिपोर्ट खरे होते, रक्त काढायची वेळ त्यांनी ठरवली होती

ह्यांचं डायलिसिस 'कायमचं बंद करून देतो' म्हणून आमच्याकडून पाच महिन्यांत 1,87,000 रुपये घेतले गेले. पैसे गेलेच, शिवाय ह्यांचं हृदय कमजोर झालं आणि ठरत आलेलं किडनी प्रत्यारोपण लांबणीवर पडलं. आम्हाला कुणी खोटे रिपोर्ट दाखवले नव्हते. रिपोर्ट आम्ही आमच्या ओळखीच्या लॅबमधून, स्वतःच्या हातानं आणत होतो. ते बघूनच आम्ही फसलो, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. तक्रार चालू आहे, त्यामुळे कुणाचं नाव-गाव देत नाही.

आम्ही इचलकरंजीचे. हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग बिघडला की रात्री अकरालाही मालकाचा फोन यायचा. डोकं दुखायचं, ते कारखान्याच्या आवाजानं दुखत असेल म्हणून गोळी घ्यायची आणि परत मागावर. बीपी कधी मोजलंच नव्हतं. 2022 च्या दिवाळीत पायांवर सूज आली, सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे रक्त तपासलं. जे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळायची रक्तातली घाण, साधारण सव्वाच्या आत असावं लागतं ते 8.4 निघालं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. बीपीनं किडन्या गेल्यात आणि त्या आता परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ह्यांचं वय तेव्हा 44 होतं.

मग डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मशीननं रक्त गाळून घेणं. मंगळवार आणि शुक्रवार, मिरजेला, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस मोफत झालं, आरोग्यमित्रानं कागद करून दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोफत डायलिसिस म्हणजे मोफत आजार नव्हे. जाण्यायेण्याचं भाडं, इंजेक्शनं, वरची औषधं, आणि ह्यांचा पगार बंद. मुलानं डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला लागला. त्या दोन दिवशी नववीतली मुलगी शाळेतून येऊन भाकरी करायची.

आणि पाणी. ज्याच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यालाच हे कळेल. दिवसाला पाऊण लिटर, चहा-आमटी धरून. मी बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवायची. एप्रिलच्या उन्हात ह्यांचे ओठ फुटायचे आणि हे बर्फाचा एक खडा जिभेवर धरून बसायचे. बटाटा चिरून पाण्यात घालायचा, ते पाणी ओतायचं, परत उकडून तेही पाणी ओतायचं. केळं, नारळपाणी, टोमॅटो बंद, कारण पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं. डायलिसिसहून आले की पोटऱ्यांत गोळे यायचे आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "मी माणूस नाही, मशीनचा स्पेअर पार्ट झालोय." आयुष्यभर मागाचे पार्ट बदलणाऱ्या माणसानं हे म्हणावं, याचं मला फार लागलं.

आम्ही किती थकलो होतो ते कळावं म्हणून हे सांगितलं. तो माणूस नेमका अशाच थकलेल्या लोकांच्या शोधात बाकावर बसायचा.

डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर तो कायम असायचा. हातात फाईल, पाण्याची बाटली, कुणा पेशंटचा नातेवाईक वाटावा असा. तीन-चार आठवडे नुसती विचारपूस. कितवं डायलिसिस, लघवी किती होते, मुलं काय करतात. मग एकदा म्हणाला, "वहिनी, माझ्या भावाचं बंद झालं. दीड वर्ष झालं, शेतात जातो." भावाचा फोटोही दाखवला, बैलगाडीजवळ उभा असलेला. मी त्या फोटोकडे किती वेळ बघत होते!

त्याच्या सांगण्यावरून आम्ही गेलो. शेजारच्या जिल्ह्यात एक बंगला. दर गुरुवारी रांग. पुण्या-मुंबईच्या नंबरच्या गाड्या उभ्या बघून आम्हाला आणखी खात्री वाटली. 'महाराज' म्हणवणाऱ्या माणसानं ह्यांची नाडी धरली आणि म्हणाला, किडनी मेलेली नाही, झोपलेली आहे. तीन प्रकारच्या पुड्या दिल्या, कागदावर पेनानं 1, 2, 3 लिहिलेल्या. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे याचा पत्ता नाही. पहिला कोर्स 65,000. अर्धे रोख, अर्धे एका बाईच्या नावाच्या खात्यावर. बिल मागितलं तर देणगीची पावती मिळाली, तीही फक्त 1,100 ची. ते पैसे माझ्या पाटल्यांचे होते. पुढच्या कोर्सला बचत गटाचं कर्ज काढलं.

आता मुख्य गोष्ट. महिन्यानं रक्त तपासायला सांगितलं आणि बाकावरच्या माणसानं वर समजावलं, "डायलिसिसच्या आधी रक्तात नुसती घाण असते वहिनी, त्यात औषधाचं काम दिसत नाही. सुई काढली की तासाभरात रक्त द्या. लॅब तुमच्या पसंतीची." हे शेवटचं वाक्य ऐकून माझी शंका गेली. स्वतःच्या लॅबला पाठवत नाही म्हणजे माणूस खरा असणार.

पुड्या सुरू करण्याआधी हॉस्पिटलनं काढलेलं क्रिएटिनिन 9.6 होतं. आमच्या लॅबमधून आलं 4.3. पुढच्या महिन्यात 3.7. मी तो कागद देवापुढे ठेवला. सासूबाई रडल्या. मुलगा म्हणाला, आई, मी परत कॉलेजला जाऊ का? हॉस्पिटलला औषधाचं सांगू नका, ते घाबरवतील, असं आम्हाला बजावलेलं होतं. त्याच महिन्यांत हॉस्पिटलनं डायलिसिस सुरू करण्याआधी काढलेल्या रक्ताचे रिपोर्ट आमच्याच फाईलमध्ये होते. त्यात 9.9 होतं. ती फाईल आम्ही उघडलीच नाही.

चौथ्या महिन्यात डायलिसिस आठवड्यातून एकदाच. सूज वाढली तर 'घाण सुटते आहे' असं उत्तर. सेंटरच्या सिस्टरनं दोनदा फोन केला, मी गावी आलोय म्हणून खोटं सांगितलं. पाचव्या महिन्यात पूर्ण बंद. वर, किडनी धुवायला रोज दोन शहाळी आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पहिले तीन-चार दिवस ह्यांना खरंच बरं वाटलं, कारण डायलिसिसनंतरचे ते गोळे नव्हते, ती ग्लानी नव्हती. दीड वर्षानं ह्यांनी तांब्या भरून पाणी प्यायलं. तो तांब्या मीच दिला होता.

नवव्या रात्री हे कॉटवरून उठेनात. पायांत जोरच नाही. आडवं झालं की धाप, म्हणून उशांना टेकवून बसवलं, तर छातीत घुरघुर ऐकू येत होती. दिरांनी गाडी काढली. मिरजेला पोचेपर्यंत ओठ काळे पडले होते. पोटॅशियम 7.6, फुप्फुसात पाणी. रात्री दोन वाजता तातडीचं डायलिसिस. सहा दिवस अतिदक्षता विभागात.

डॉक्टर मला ओरडले नाहीत. मी पुड्या आणि रिपोर्ट पुढे ठेवले, तर त्यांनी रिपोर्टवरची वेळ बघितली. त्याच आठवड्यात त्यांनी ह्यांचं रक्त डायलिसिसच्या आधी आणि नंतर असं दोनदा काढलं. आधी 10.1, नंतर 4.0. पुडी एकही नाही. म्हणाले, "ताई, क्रिएटिनिन मशीननं उतरवलंय. पुढच्या वारापर्यंत ते पुन्हा चढतं." म्हणजे सरकारी योजनेत मोफत होणाऱ्या डायलिसिसचा परिणाम आम्ही 1,87,000 रुपये देऊन पुडीच्या नावावर मांडत होतो.

माझा रक्तगट ओ, त्यामुळे किडनी मी देणार होते. नवरा-बायको कायद्यानं जवळचे नातेवाईक धरतात. माझ्या तपासण्या सुरूही झाल्या होत्या, त्या मीच थांबवल्या, किडनी जागी होतेय म्हणून. आता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ह्यांच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्के आलं आहे. ते सुधारल्याशिवाय भूल देणं धोक्याचं, म्हणून थांबायला सांगितलंय. पाटल्या पुन्हा घडवता येतील. त्या पाच महिन्यांचं काय करू?

काही जण म्हणतात, आयुर्वेदावर गेलात म्हणून असं झालं. मला तसं म्हणायचं नाही. आमच्या गल्लीतल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंकडे आधी गेलो असतो तर त्यांनी आम्हाला हाकललं असतं, त्या तसं म्हणाल्याही. त्यांची वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे, नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आहे. त्या बंगल्यात तसं काहीच नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. नोंदणी नसताना रुग्ण तपासणं हा महाराष्ट्रात 1961 च्या वैद्यक व्यवसायी कायद्यानं गुन्हा आहे. कॅन्सर, मधुमेह अशा ठरावीक आजारांवर औषधानं बरं करण्याची जाहिरात करायला 1954 च्या जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे. त्या यादीत ब्राइट्स डिसीज आहे, ते मूत्रपिंडाच्या आजाराचं जुनं नाव. हे सगळं मला तक्रार लिहिताना समजलं. तक्रार पोलिसांत दिली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही. तिथे पुड्या लागल्या, म्हणून उरलेल्या पुड्या, कागद, चिठ्ठ्या काहीही फेकू नका. खात्यावर गेलेल्या पैशांची नोंद आमच्याकडे आहे, रोख दिलेल्याची नाही.

कुणी क्रिएटिनिन उतरल्याचा कागद दाखवला तर एवढंच विचारा, रक्त डायलिसिसच्या आधी काढलं की नंतर. आणि स्वतःचं तपासायचं तर सुई टोचायच्या आधीचंच रक्त द्या, हॉस्पिटलची फाईल शेजारी ठेवून.

तो माणूस आता आमच्या सेंटरबाहेर नसतो. गेल्या शुक्रवारी बाकावर एक बाई भेटल्या, सांगलीकडच्या. नवऱ्याचं डायलिसिस सुरू होऊन दोन महिने झालेत. त्यांनी पिशवीतून पेनानं 1 लिहिलेली पुडी काढली आणि मला विचारलं, "ताई, हे रिकाम्या पोटी घ्यायचं का हो?" मी त्यांना आत सिस्टरकडे घेऊन गेले. 10.1 आणि 4.0 चे दोन्ही कागद मी आता पर्समध्येच ठेवते.