इकोस्प्रिन ७५: ह्यांना हवीच, मला नको

आमच्या औषधांच्या डब्यातली सगळ्यात स्वस्त गोळी, म्हणजे ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. पाच-सहा रुपयांत १४ गोळ्यांची पट्टी, म्हणजे गोळीमागे साधारण चाळीस पैसे. ह्यांच्या अँजिओप्लास्टीपासून रोज जेवणानंतर चालू आहे. तक्रार म्हणाल तर एवढीच, की दोन पट्ट्या २८ दिवसांत संपतात आणि डॉक्टर लिहितात महिन्याचं. मग दुकानदार तिसऱ्या पट्टीच्या दोन गोळ्या कात्रीने कापून देतो आणि एक्स्पायरीची तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. मी आता अख्खी पट्टीच मागते.

काम चोख. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते ही गोळी रोखते. एकदा अडवलेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात-दहा दिवस, तशीच राहते. म्हणून एवढासा डोस पुरतो. ज्याला स्टेंट बसलाय किंवा अटॅक येऊन गेलाय, त्याच्यासाठी चाळीस पैशांत याहून मोठा सौदा नाही. अशांनी हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये, दात काढायचा असला तरीही आधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न माझा होता. आमच्या भिशीतल्या निम्म्या बायका 'रक्त पातळ राहिलेलं बरं' म्हणून ही घेतात. मी साठी ओलांडलेली, बीपी थोडंसं, बाकी ठणठणीत. डब्यातली एक मीही घ्यावी का, असं फॅमिली डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बँकेत होतात ना? मग गोळीची किंमत बघू नका, खर्च बघा."

मग बसले वाचत. अमेरिकेत १९८९ साली २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासाचा निकाल आला: दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी. सगळं जग त्यावर चाललं. बायकांचा असा मोठा निकाल यायला २००५ उजाडलं! जवळजवळ ४०,००० जणी, दहा वर्षं. हार्ट अटॅकमध्ये एकूण फरक नाही, पक्षाघात मात्र १७ टक्क्यांनी कमी. म्हणून २००९ च्या अमेरिकी शिफारशीत पुरुषांना गोळी हृदयासाठी आणि बायकांना मेंदूसाठी, असा वेगळा हिशोब होता. अंगाला न लावता पुरुषांचं माप बायकांना द्यायची सवय जुनीच आहे, औषधांतही.

पण जमेच्या बाजूला हे असताना नावे बाजूला रक्तस्राव आहे. पोटात अल्सर, शौचाला काळी होणं, क्वचित मेंदूत. वय वाढलं की हा धोकाही वाढतो. वरचं कोटिंग पोट वाचवतं असं सगळे समजतात, तर तेही फारसं खरं नाही. गोळी रक्तात गेल्यावरही जठराचं अस्तर कमजोर करतेच. सोबत पित्ताची गोळी घ्यायची म्हटलं तर ती हिच्या कितीतरी पट महाग, आणि एकदा एंडोस्कोपीची वेळ आली की चाळीस पैशांची बचत कुठल्या कुठे जाते.

त्यात काळ बदलला. बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी मूळ धोकाच खाली आणला, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनला वाचवायला उरलं कमी, रक्तस्राव तेवढाच. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९,११४ वयस्कर, बहुतेक सत्तरीपुढच्या निरोगी माणसांत हृदयाला ठोस फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ च्या अमेरिकी शिफारशीत तर स्पष्टच आहे: साठीनंतर निव्वळ प्रतिबंधासाठी नव्याने सुरू करू नका, बाई असो वा पुरुष. चाळीस ते एकोणसाठमध्ये धोका जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तेव्हा ह्यांच्यासाठी पाचपैकी पाच तारे. माझ्यासाठी फुकट दिली तरी महाग. भिशीतल्या मधुमेहवाल्या मैत्रिणीचं गणित मी करत नाही: मधुमेह असलेल्यांच्या मोठ्या अभ्यासात फायदाही दिसला आणि रक्तस्रावही. तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, फाइल घेऊन.