संदर्भ सीडीसाठी 'सॉक्स': आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या माडीवर मी मुख्यतः भजनी मंडळांचे आणि ख्यालगायनाचे ध्वनिमुद्रण करतो. मिक्स (सर्व आवाजांची पातळी जुळवून केलेले एकत्र मुद्रण) तयार झाला की गायकांना घरी निवांत ऐकण्यासाठी संदर्भ सीडी द्यावी लागते. लिंक पाठवली तर ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली जाते आणि डग्ग्याची घुमक किंवा तानपुऱ्याचा खर्ज त्यातून कळतच नाही. म्हणून सीडीचा आग्रह मी अजून सोडलेला नाही.

मुद्रण २४ बिट (प्रत्येक नमुना मोजण्याची बारकाई), ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ९६ हजार नमुने) होते आणि ऑडिओ सीडीला १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच लागते. पूर्वी मी एकेक गाणे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा एक्स्पोर्ट करीत असे. दहा गाण्यांना तासभर सहज जाई आणि घाईत एखाद्या गाण्याचे सेटिंग चुकले, तर ते सीडी ऐकतानाच लक्षात येई. गेले आठ महिने हे काम मी 'सॉक्स' या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रामकडे सोपवले आहे. त्याला खिडक्या-बटणे नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते, त्यामुळे पहिले दोन दिवस अवघडल्यासारखे होते. मात्र एकदा आज्ञा लिहून बॅच फाइलमध्ये (आज्ञा साठवून एकदम चालवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवली की फोल्डरमधील सगळी गाणी एका दमात रूपांतरित होतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चहा गाळून होईपर्यंत काम संपलेले असते.

या वेगापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) बदलायचा आणि डिदर अगदी शेवटी, १६ बिटवर उतरताना द्यायचा, हा क्रम आज्ञेत एकदा पक्का केला की तो दर वेळी तसाच पाळला जातो. डिदर म्हणजे मुद्दाम मिसळलेला अत्यंत मंद गोंगाट. तो नसेल तर विरत जाणाऱ्या सुराच्या शेपटीला खरखरीत कडा येते, आणि बंदिश संपल्यावर तानपुरा हळूहळू मावळतो तिथे हेडफोनवर ती मला स्पष्ट ऐकू आली आहे. रेट बदलण्यासाठी मी सर्वोच्च दर्जाचा पर्याय वापरतो. त्याने वाढणारा वेळ नगण्य आहे.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. रेट बदलताना लाटेची शिखरे किंचित उंचावतात आणि काठोकाठ पातळीची फाइल क्लिप होऊ शकते, म्हणजे मर्यादेबाहेरची शिखरे छाटली जाऊन आवाज फाटतो. यावर सॉक्समध्ये आपोआप पातळी सांभाळण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक फाइलचा स्वतंत्र हिशेब करते, त्यामुळे गाण्यागाण्यांतील परस्पर पातळी थोडी हलू शकते. संदर्भ सीडीत तर तेच जोखायचे असते. म्हणून मी सर्व गाण्यांची पातळी सरसकट एक डेसिबलने उतरवतो आणि क्लिपिंगची सूचना दिसली तर मूळ मिक्सकडे परत जातो.

अभंगाला जोडून गजर येतो तेव्हा खरी परीक्षा असते. सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात आणि एका फ्रेममध्ये प्रत्येक चॅनेलचे ५८८ नमुने बसतात. गाण्याचा तुकडा या मापात नेमका बसला नाही, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि टाळांच्या ऐन ठेक्यात 'टक्' असा आवाज येतो. मी सुरुवातीला तुकडे पाडून मग रूपांतर करीत होतो, ते चुकीचे होते. आता सलग मुद्रण अखंड रूपांतरित करतो, गाण्यांच्या सुरुवाती क्यू शीटमध्ये (कोणते गाणे कुठे सुरू होते हे सांगणाऱ्या मजकूर फाइलमध्ये) मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा लिहितो आणि सीडी 'डिस्क अॅट वन्स' म्हणजे एका दमात सलग लिहिण्याच्या पद्धतीने राइट करतो. एकेक गाणे वेगळे लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत दोन गाण्यांमध्ये सहसा दोन सेकंदांची पोकळी पडते आणि गजराचा चढ मध्येच तुटतो.

सीडी राइट झाल्यावर ती संगणकावर न तपासता खालच्या खोलीतील जुन्या प्लेयरवर पूर्ण ऐकतो आणि मगच तिच्यावर तारीख व मिक्सचा क्रमांक लिहून मंडळाकडे देतो.